शेवटचं फावडं

आमच्या मोत्लाबेंग वस्तीतल्या आताच्या पोरांना विचारा, आपण वायव्य प्रांतात होतो तेव्हाचं काही आठवतं का, तर ती हसतात. त्यांच्या लेखी ती गाड्यांच्या पाट्यांची गंमत होती. आधी पाटीवर शेवटी जीपी असायचं, म्हणजे गौतेंग प्रांत, मग एनडब्ल्यू आलं, म्हणजे वायव्य, मग परत जीपी. मला मात्र त्या मधल्या काळाचा वास येतो. जळक्या टायरचा वास कपड्यांतून जातो, नाकातून जात नाही.

आमची नगरपालिका तेव्हा दोन प्रांतांत एकेक पाय ठेवून उभी होती. ब्लाउक्लिप गाव, सोन्याची खाण आणि आमची वस्ती गौतेंगमध्ये, आणि मक्याची शेतं, त्यापलीकडची खेडी वायव्य प्रांतात. असं पुष्कळ वर्षं चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. पण प्रिटोरियात एक खातं आहे. देशाचे प्रांत आणि नगरपालिका यांचे आपसातले संबंध सांभाळणं हे त्याचं काम. त्या खात्याला एक दिवस वाटलं, की एका सुनेला दोन सासरं नकोत. म्हणून त्यांनी आम्हाला अख्खंच्या अख्खं उचललं आणि वायव्य प्रांताच्या ओटीत घातलं.

गौतेंग म्हणजे आमच्या भाषेत सोन्याची जागा. तिथे हॉस्पिटल होतं, पेटणारे दिवे होते, पोरांना काम मिळण्याची आशा होती. आणि पलीकडे होती ती शेतं, जी आमच्या वडिलांनी उपाशीपोटी सोडली होती. मला तो दिवस आठवतो. मी आणि माझी थोरली बहीण बासेत्साना लॉरीच्या मागे भांड्यांवर बसून आलो होतो. खाणीचा पिवळा डोंगर पहिल्यांदा दिसला तेव्हा ती मला म्हणाली, "बघ, इथे मातीसुद्धा पिवळी आहे, आपण श्रीमंत होणार." त्या काळी वस्तीत पीचची झाडं लावलेली होती, शनिवारी सभागृहात बाजा वाजायचा, आणि बासेत्साना नाचायला लागली की खाणीतले मजूर टोप्या काढून भिंतीला लागायचे. श्रीमंत कुणी झालं नाही. पण मागे जायचं, ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

मार्चमध्ये त्या खात्याची माणसं आमच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला आली. टेबलामागे तिघं बसले. मधल्या खुर्चीवर माझा भाचा मोदिरी, बासेत्सानाचा एकुलता मुलगा. मीच त्याला दुसरीत शिकवलं होतं. शिकून तो प्रिटोरियाला गेला, त्या खात्यात लागला. आपल्याच वस्तीचा मुलगा समोर बसवला तर लोक गप्प ऐकतील, असं वरच्या साहेबांना वाटलं असणार.

खाणीतून निवृत्त झालेला एक म्हातारा उठला. "पोरा, एकच सांग. निर्णय झालाय की व्हायचाय?"

मोदिरीने घसा साफ केला. "बाबा, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं जाईल."

"ते मी विचारलंच नाही. कोंबडी कापून झाली, आणि आता तिलाच विचारायला आलात, की बाई, रस्सा करू की भाजू?"

सभागृह हसलं. मोदिरीसुद्धा थोडा हसला, आणि तिथेच चुकलं. पहिली खुर्ची मागून आली. ती त्याच्या कानावर बसली आणि कान फाटला. रक्त टेबलावर पसरलेल्या नकाशावर पडलं. मी उभी राहून ओरडत होते, पण माझ्या शाळेतल्या आवाजाला तेव्हा कुणी भीक घातली नाही.

त्यानंतर मे ते ऑगस्ट, आमच्याकडचा हिवाळाभर, वस्ती जळत होती. नगरसेवकांची घरं आधी गेली. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक बायकोचा चर्चचा लाल झगा आणि पांढरी टोपी घालून भजन म्हणत म्हणत जमावातून निसटला. म्हाताऱ्या बायका अजून ती नक्कल करतात. पण त्याचा कुत्रा साखळीला होता, तो तसाच जळाला, आणि त्याचं ओरडणं ऐकून हसणारी माणसंही मी पाहिली. मग वाचनालय जळालं. मग दवाखाना. पोलीस चिलखती गाड्या घेऊन यायचे, रबरी गोळ्या झाडायचे, कधी कधी गोळ्या रबरी नसायच्या. पोरं दगड, पेट्रोलच्या बाटल्या घेऊन तयार असायची. पाटीवर एनडब्ल्यू असलेली गाडी दिसली की ती संपली. एका पाववाल्याला त्यांनी व्हॅनमधून ओढून काढलं, त्याच्याच पावाच्या ट्रेने त्याचं तोंड फोडलं. नंतर ती पोरं पाव खात बसली होती, रक्त लागलेला भाग तोडून टाकत.

त्या धुरात बासेत्साना गेली. तिला दमा होता. त्या बुधवारी सकाळी आमच्या रस्त्यावर टायर पेटले होते आणि वरून अश्रुधूर. ॲम्ब्युलन्स रस्त्यातल्या दगडांपाशी अडली. मी तिला दारात बसवून ओल्या टॉवेलने वारा घालत होते. तिने माझं मनगट धरलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि हात सैल पडला.

आमच्याकडे मेलेल्या माणसाची कबर भाड्याची माणसं खोदत नाहीत. गल्लीतले तरुण खोदतात. त्यांना आम्ही तरस म्हणतो. तरसांना आधी जेवू घालायचं, गाईचं डोकं त्यांचं, बिअर त्यांची, मग बाकीचे. आणि आमच्या गल्लीच्या तरसांचा म्होरक्या होता रापुला. तोच रापुला, ज्याच्या शिट्टीवर सगळ्या वस्तीत टायर पेटत होते.

गुरुवारी दुपारी तो माझ्या अंगणात आला. डोळे धुराने लाल, अंगात कुठल्या तरी खाणमजुराचा जुना कोट. शाळेत असताना तो मोदिरीच्या बाकावर बसायचा. बासेत्साना शाळेच्या फाटकापाशी तेलात तळलेले पिठाचे गोळे विकायची. मोदिरीला एक दिला की रापुलाला दोन द्यायची. त्याला घरी आई नव्हती.

"म्मा थुसो," तो म्हणाला. म्मा म्हणजे आई, सगळे मला माझ्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. "आम्ही खोदू. उद्या सकाळपासून लागू. तिच्यासाठी जमीन खडक असली तरी खोदू."

"देव भलं करो."

"पण मोदिरीला येऊ देऊ नका."

मी मका निवडत होते. हात थांबवला नाही. "पहिली मूठ कोण टाकणार मग? तू?"

"तुम्ही टाका. बहीण आहात."

"मी बाई आहे रे गाढवा. आणि तिला मुलगा आहे. पहिली मूठ मुलाची आणि शेवटचं फावडंही मुलाचं, हे मी तुला शिकवायला पाहिजे? तरसांचा म्होरक्या म्हणवतोस."

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "माझ्या भावाचा पाय कापलाय, माहीत आहे ना? मांडीत गोळी गेली, सडली. तो फुटबॉल खेळायचा. आता तो खोलीत पडून भिंतीकडे बघतो. ही रेघ कुणी ओढली, म्मा? तुमच्या भाच्याने."

"त्याने नाही ओढली. त्याला फक्त नकाशा धरायला लावला."

"मग धरणाऱ्याचे हात तोडू." हे तो आवाज न चढवता बोलला, म्हणून मला जास्त भीती वाटली. "आणि मी एकटा नाही. मी सोडलं तरी वस्तीच्या तिसऱ्या विभागातले सोडणार नाहीत. ते कुणाच्या आईला ओळखत नाहीत. त्यांनी शपथ घेतलीय, खात्याचा माणूस दिसला की गळ्यात टायर, त्यात पेट्रोल आणि काडी."

टायर. पंच्याऐंशी साली हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माणूस कसा पळतो, मग कसा पळत नाही. मी मका निवडायचं सूप खाली ठेवलं.

"रापुला, एवढं ऐक. त्याला आईला माती देऊ दे. मग काय करायचं ते कर."

त्याने मान वर केली. "काय म्हणताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कबर भरली जात असताना माणसाला हात लावायचा नाही. इतकं तरी उरलंय की नाही तुमच्यात? की ते पण जाळलंत?"

तो उठला, पँट झटकली. "कबर पुरी होईपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही. माझ्या जिवावर सांगतो. शेवटचं फावडं पडलं की मात्र मी कुणाला अडवणार नाही. आणि मी स्वतः मागे उभा राहणार नाही, हेही सांगून ठेवतो."

मी लगेच मोदिरीला फोन केला. "येऊ नकोस," मी म्हटलं. "तुझ्या आईची शपथ. ती काही म्हणणार नाही."

"मावशी, मी तिच्यासाठी काय पाठवू मग? खात्याच्या शिक्क्याचं शोकपत्र?"

"जिवंत राहा. तेच पाठव."

"माझे साहेब पण तेच म्हणाले. येणारच असशील तर पोलीस देतो म्हणाले. मी नको म्हटलं. दफनभूमीत पोलीस आले तर काय होतं ते मी तिथेच वाढलोय म्हणून मला माहीत आहे." मग म्हणाला, "शववाहिकेत ड्रायव्हरजवळ बसून येईन. तेवढी तरी ते सोडतील."

शनिवारी उजाडताना आमच्या अंगणात काळी भांडी चुलीवर होती, आंबवलेल्या ज्वारीची पेज, गाईचं डोकं, कोबी. बायका कांदे कापत होत्या आणि कुणी एक गाणं सुरू केलं की सगळ्या उचलत होत्या. शववाहिका आली. टायरचा ढीग बाजूला सारून पोरांनी वाट दिली. काचेतून मोदिरी दिसला, काळा कोट, टाय, फाटलेल्या कानाची शिवण अजून जाड. एकाने काचेवर थुंकून म्हटलं, "ये साहेब, म्हणणं नोंदवून घ्यायला आलास?" बाकीचे हसले, पण गाडीला कुणी हात लावला नाही.

दफनभूमी रेल्वेरुळांच्या पलीकडे, खाणीच्या डोंगराखाली. म्हाताऱ्यांना आणलेली माझ्या चुलत भावाची टॅक्सी रुळांअलीकडच्या डांबरी रस्त्यावर थांबली. आम्ही गात गात चाललो. मी मागे वळून पाहिलं तेव्हा गल्लीतली माणसं संपून त्यांच्यामागे अनोळखी तोंडं सुरू झाली होती. त्यांच्या हातात लाठ्या, सळया. दोघांच्या मध्ये एक टायर, ते तो घरातलं सामान हलवावं तसा निवांत घेऊन येत होते.

पेटी खाली गेली. पाद्रीबाबांनी घाईघाईने उरकलं. त्यांचे डोळे ग्रंथात कमी आणि गर्दीवर जास्त. मोदिरी वाकला, मूठभर लाल माती घेतली आणि खाली सोडली. ती पेटीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्याने कोट काढला, टाय काढली, माझ्या हातात दिली, आणि तरसांकडे हात पुढे केला. रापुलाने त्याला फावडं दिलं. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

आमच्यात कबर भरणं थांबत नाही. एक माणूस दमला की पुढचा त्याच्या हातातून फावडं घेतो, माती पडत राहते, पुरुष गात राहतात. मोदिरीच्या हातचं घ्यायला लोक पुढे येत होते, तो देत नव्हता. त्याचा पांढरा शर्ट लाल होत गेला, पाठीला चिकटला. तळहात फुटले, दांड्यावर रक्ताची बोटं उमटली. त्याचा आईला माती देण्याचा हक्क होता तो, आणि त्याचं आयुष्यही तेवढंच होतं, जेवढी त्या खड्ड्यात जागा उरली होती. हे सगळ्यांना दिसत होतं. खड्डा अर्धा झाला. मग गुडघ्याएवढा उरला.

मागून कुणीतरी ओरडलं, "हळू भर रे, घाई काय आहे?" आणि हशा झाला. मग दगड आला. तो मोदिरीच्या खांद्यावर लागला. तो एका गुडघ्यावर गेला, फावडं टेकलं, पुन्हा उठला. दुसरा दगड पाद्रीबाबांच्या छातीवर. बायका किंचाळत मागे झाल्या. फाटक्या बनियनमधला एक माणूस, तिसऱ्या विभागातला, हातात तिसरा दगड घेऊन कबरीच्या कडेपर्यंत आला.

रापुलाने त्याला एक शब्द विचारला नाही. हातातलं फावडं आडवं फिरवलं. पात्याची कड त्या माणसाच्या जबड्यावर बसली, आणि लाकूड फुटावं तसा आवाज आला. तो मातीच्या ढिगावर उताणा पडला. तोंडातून रक्त आणि दात. रापुलाने त्याच्या छातीवर पाय ठेवला आणि सळया घेतलेल्यांकडे पाहिलं.

"कबर पुरी झालेली नाही," तो म्हणाला. "ज्याला डोळे नसतील त्याने पुढे यावं, मी दाखवतो."

कुणी पुढे आलं नाही. दोघांनी त्या बनियनवाल्याला पायाला धरून ओढत नेलं. त्याच्या मागे मातीवर ओला पट्टा राहिला. रापुलाने त्याच मातीत फावडं घातलं आणि ती कबरीत लोटली. माझ्या बहिणीच्या कबरीत त्या परक्या माणसाचं रक्तही आहे.

पुढे कुणी गायलं नाही. फक्त मातीचा आवाज. खड्डा भरला, वर उंचवटा चढू लागला, तरसांनी बाजू चोपून नीट केल्या. एकेकाने आपलं फावडं जमिनीत रोवलं आणि तो मागे झाला. शेवटी एकटा मोदिरी उरला आणि बाजूला राहिलेली थोडी माती. टायर घेतलेले दोघं पुढे सरकले. पेट्रोलचा वास आला. मोदिरीने ती शेवटची माती फावड्यावर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणित अडलं की असाच बघायचा.

मला तेव्हा सुचलं. आधी सुचलं असतं तर मी आधीच धीट झाले असते. मी पुढे जाऊन त्याचं मनगट धरलं.

"टाकू नकोस."

"मावशी?"

"ती माती टाकू नकोस. फावडं तसंच धर आणि चालायला लाग. रस्त्यावर तुझ्या मामाची टॅक्सी उभी आहे."

रापुला म्हणाला, "म्मा, ही लबाडी आहे."

"असू दे. मी तुला एकच विचारते. कबर पुरी झाली का? तू म्होरक्या आहेस, तूच सांग सगळ्यांना."

त्याने कबरीकडे पाहिलं, फावड्यावरच्या मातीकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारी वकील व्हायची राहिली," आणि एकदोन माणसं नको असतानाही हसली.

"नाही झाली," रापुला म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना, "नाही झालेली पुरी. वाट द्या."

गर्दी फाटली. मोदिरी फावडं दोन्ही हातांनी समोर धरून निघाला, शिगोशीग भरलेली ताटली धरावी तसा. मी त्याच्या एका बाजूला, रापुला दुसऱ्या. दोन्हीकडून माणसं आमच्याबरोबर चालू लागली. कुणी हात लावला नाही, पण तोंडं बंद नव्हती. "सांडली रे सांडली." "साहेबाचे हात बघा, कागदाची सवय, मातीचं वजन झेपेना." एकाने त्याच्या कानाजवळ येऊन टाळी वाजवली. मोदिरी दचकला, थोडी माती घसरली. रापुलाने त्या पोराला मानेला धरून मागे ढकललं.

"पुढे बघ," मी मोदिरीला म्हणत होते. "माझ्याकडे नको, पुढे बघ."

"रापुला," मोदिरी चालता चालता म्हणाला, "तुझ्या भावाचं मला आत्ता कळलं. ड्रायव्हरने सांगितलं."

"गप चाल. माती सांडेल."

आम्ही रूळ ओलांडले. घाम त्याच्या डोळ्यांत जात होता आणि पुसता येत नव्हता. समोर डांबरी रस्ता दिसत होता, कडेला पांढरी टॅक्सी. मी मनात म्हणत होते, पोचलो, बासेत्साना, तुझा मुलगा पोचला.

टॅक्सीच्या मागून चिलखती गाडी पुढे आली. मग दुसरी.

नंतर मला कळलं ते असं. त्याच्या साहेबांना राहवलं नव्हतं. मोदिरीने नको म्हटलं तरी त्यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला संरक्षण द्या म्हणून पोलिसांना कळवलं होतं. पोलीस लांबून आणलेले, कुणालाही न ओळखणारे. त्यांना सांगितलं होतं, काळा कोट, टाय. कोट आणि टाय माझ्या काखेत होते. त्यांना समोर दिसला तो लाल मातीने माखलेला एक माणूस, दोन्ही हातांत फावडं उगारलेलं, आणि त्याच्यामागे हजारांचा जमाव.

भोंग्यातून आवाज आला, "हत्यार खाली टाका."

मोदिरी थांबला. त्याने खाली टाकायला हवं होतं. मला वाटतं, त्याने टाकलंही असतं. पण टाकलं की मागची टायरवाली माणसं मोकळी, आणि नाही टाकलं की समोरचे पोलीस. त्याने फावडं आणखी उंच धरलं, त्यांना दिसावं म्हणून. "यात माती आहे," तो ओरडला. "मी खात्याचा माणूस आहे."

मी पुढे धावले. कोट हातात फडकवत होते. "तो तुमचाच आहे," मी ओरडत होते, "तुमचाच माणूस आहे तो."

रुळांपाशी कुणीतरी दगड मारला. तो गाडीच्या पत्र्यावर आपटला, आणि त्यांनी झाडायला सुरुवात केली. पहिली गोळी माझ्या कानाजवळून गेली. दुसरी मोदिरीच्या गळ्याखाली लागली. रबरी होती म्हणतात. इतक्या जवळून त्याला काही फरक पडत नाही. तो बसल्यासारखा खाली गेला, फावडं त्याच्या मांडीवर आडवं. मी त्याच्याजवळ पोचले तेव्हा गळ्यात बोट जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून श्वास बुडबुड्यांनी बाहेर येत होता. मी त्याची टाय त्या भोकावर दाबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने कुठेच पाहिलं नाही.

पुढचं मी धुरातून पाहिलं. जमाव पळाला नाही. दगडांचा पाऊस आमच्या डोक्यावरून गेला. बाटल्या पेटत गेल्या. एका चिलखती गाडीच्या चाकांना आग लागली आणि एक पोलीस पाठीवर ज्वाळा घेऊन गवतात लोळला, त्याला सळयांनी मारलं, तो हलायचा थांबल्यावरही मारलं. आणि ओरडत काय होते? मोदिरीचं नाव. जे दोघं टायर घेऊन आले होते त्यांनी तो टायर पोलिसांच्या गाडीखाली ढकलला आणि ते मोठमोठ्याने म्हणत होते, "मोदिरी आमचा, मोदिरी आमचा." सोमवारपर्यंत त्याचं नाव भिंतींवर आलं. पुढे शर्टांवर आलं. मी ते शर्ट घातलेल्या कुणाला चहा दिला नाही.

पण ते नंतरचं. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसले होते, त्याचं डोकं मांडीवर. रापुला आमच्यावर ओणवा उभा होता, जुना कोट पसरून, अश्रुधुराने त्याचे डोळे वाहत होते, आणि त्याच्या पाठीवर रबरी गोळ्या बसत होत्या. प्रत्येक गोळीला त्याच्या तोंडून हुंकार निघत होता. तो हलला नाही.

गोळ्या दुसऱ्या बाजूला वळल्या तेव्हा तो खाली बसला. त्याने मोदिरीचे डोळे मिटले. मग फावडं उचललं. ते रिकामं होतं, माती रस्त्यावर सांडून तुडवली गेली होती.

"म्मा," तो म्हणाला.

"आता घरचा मुलगा कोण आहे मग?" मी विचारलं.

त्याने कोटाच्या बाहीने फावड्याचा दांडा पुसला.

"शाळेच्या फाटकापाशी तिने तुला नेहमी दोन दिले," मी म्हटलं. "जा. तिची कबर पुरी कर. तोवर मी याच्याजवळ बसते."

तो फावडं खांद्यावर टाकून धुरातून रुळांकडे निघाला. पाठीवरचा कोट गोळ्यांनी जागोजाग फाटला होता. वाटेत त्याला दोनदा दगड लागले, कुणाचे ते मला दिसलं नाही, पण तो थांबला नाही.